टीव्हीवर ऑनलाइन बघायचंय, कॉम्प्युटर जोडू की स्ट्रीमिंग बॉक्स घेऊ? नवीन माणसासाठी सगळं सुरुवातीपासून

केबलचं बिल वाढलं म्हणून म्हणा नाहीतर पुण्याला शिकणारं पोरगं सुट्टीत येऊन "बाबा आता सगळं नेटवर बघतात" सांगून गेलं म्हणून म्हणा, आपल्याकडे जळगाव-धुळ्याला हल्ली बरेच जण हेच विचारतात की घरातला कॉम्प्युटरच टीव्हीला जोडावा की ती फायर स्टिक का काय ती घ्यावी. स्टिक म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची छोटी कांडी, ती नेटवरची ॲप टीव्हीवर दाखवते, आणि स्ट्रीमिंग बॉक्स म्हणजे तेच काम करणारी जरा मोठी डबी. दुकानदाराला विचारलं तर त्याच्याकडे जो माल पडलाय तो तो गळ्यात मारतो, आणि यूट्यूबवर बघायला गेलं तर रॅम, प्रोसेसर, डॉल्बी यातच अर्धा तास जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठलं मशीन भारी ते नंतर बघू भो, आधी हे ठरवा की घरात रिमोट कोणाच्या हातात राहणार. आई, आजी, आबा, लहान पोरं बघणार असतील तर बॉक्स किंवा स्टिक, डोळे झाकून. एकटा माणूस, माऊस-कीबोर्डची सवय, दहा वेबसाइट उघडणारा, घरात जुना पण चालू कॉम्प्युटर पडलेला, तर एक केबल आणा आणि पैसे वाचवा. बाकीचं खाली टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिलं काम: टीव्हीच्या मागे टॉर्च मारा

काहीही विकत घ्यायच्या आधी टीव्ही भिंतीपासून थोडा ओढून मागची बाजू बघा. चपटं, खालून थोडं निमुळतं होत गेलेलं भोक दिसलं आणि वर एचडीएमआय लिहिलेलं असलं की काम सोपं, कॉम्प्युटर पण जोडता येईल आणि स्टिक पण. नुसती लाल, पांढरी, पिवळी अशी तीन गोल भोकं असली तर टीव्ही जुना आहे, पण लगेच भंगारात काढू नका. या तीन भोकांना एव्ही म्हणतात, त्यासाठी एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर म्हणून छोटी डबी मिळते, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडवर कुठल्याही केबलच्या दुकानात मागा. घेताना नीट बोला, एचडीएमआय टू एव्ही पाहिजे, कारण उलट्या दिशेची एव्ही टू एचडीएमआय डबी दिसायला डिट्टो तशीच असते आणि ती आपल्या काही कामाची नाही. पिक्चर मात्र जुन्या टीव्हीसारखाच दिसणार, बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत, सिरीयल आणि गाण्यांना चालून जातं.

आणि हो, टीव्ही मुळातच स्मार्ट असेल तर आधी त्यातलंच ॲप चालवून बघा. खूप जणांच्या घरी स्मार्ट टीव्ही असतो आणि ते त्याच्यावर फक्त सेट टॉप बॉक्स बघत असतात. तीन-चार वर्षांनी मात्र स्वस्तातले स्मार्ट टीव्ही रडायला लागतात, ॲप उघडायला मिनिटभर लावतात, काही ॲपना अपडेट यायचं बंद होतं. तेव्हा नवीन टीव्ही घ्यायची गरज नसते, मागे एक स्टिक लावली की तोच टीव्ही परत पळायला लागतो.

दुसरं काम: नेटचा हिशोब

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि मग बॉक्सला शिव्या घालतात. एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप, आणि ४८०पी, ७२०पी हे चित्र किती स्पष्ट ते सांगणारे आकडे, आकडा मोठा तितकं चित्र स्पष्ट. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की साध्या एचडीला, म्हणजे ७२०पीला, ३ एमबीपीएस स्पीड लागतो, फुल एचडीला ५ आणि त्याहून स्पष्ट ४केला १५. म्हणजे ३०-४० एमबीपीएसचं साधं फायबर कनेक्शन घरात एकावेळी दोन-तीन ठिकाणी बघायला पुरून उरतं, शंभर-दोनशेच्या प्लॅनच्या मागे लागायचं काही कारण नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र गणित वेगळं. एचडी पिक्चर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातो, ४के ७ जीबीपर्यंत. रोजचा दीड जीबीचा पॅक असला तर अर्ध्या तासात खेळ खल्लास. शेतातल्या घरी फायबर पोचलंच नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटा सेव्हर किंवा लो क्वालिटी निवडा, यूट्यूबवर हाताने ४८०पी करा, ३२ इंची टीव्हीवर लांबून बघताना एवढं काही कळत नाही.

राउटर कुठे ठेवलाय ते पण बघा. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं, दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, राउटर ओसरीत आणि टीव्ही माजघरात, मग वायफाय पोचणार कसं. राउटरला दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५वालं वेगात पळतं पण भिंतीपुढे दम तोडतं, २.४वालं हळू पण लांब जातं. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ला जोडा, मध्ये भिंती असतील तर २.४ला. कॉम्प्युटरचा इथं एक मोठा फायदा की बऱ्याच कॉम्प्युटरला लॅन केबल, म्हणजे राउटरमधून येणारी नेटची वायर, थेट जोडता येते, एकदा वायर ओढली की विषय संपला. स्टिकला लॅनसाठी वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो, मोठ्या बॉक्सला कधीकधी पोर्ट असतो, कधी नसतो, घेताना बघून घ्या.

कॉम्प्युटर जोडायचा असेल तर

लॅपटॉप किंवा पीसीला एचडीएमआय असेल तर दीडशे-दोनशेची केबल, एक टोक इकडे एक टोक टीव्हीला. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एचडीएमआय १ किंवा २, जिथे लावली ते निवडा. स्क्रीन काळीच राहिली तर कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून पी दाबा, उजव्या बाजूला चार पर्याय येतील, त्यातलं डुप्लिकेट निवडलं की दोन्हीकडे सारखं दिसतं, सेकंड स्क्रीन ओन्ली निवडलं की फक्त टीव्हीवर.

मग हमखास येणारी तक्रार, चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं, त्याच्यावर क्लिक करून आउटपुटमध्ये टीव्हीचं नाव निवडा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, म्हणजे खालची स्टार्टची पट्टीच अर्धी दिसत असेल, तर ती कॉम्प्युटरची चूक नाही, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते चालू करा, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून बघायचं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शनला झाकण बंद केल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे डू नथिंग करा. पण उन्हाळ्यात, आपला मे महिना म्हणजे ४४-४५ डिग्री, झाकण उघडंच ठेवा. लॅपटॉपची बरीच गरमी कीबोर्डकडून बाहेर पडते, तो गादीवर किंवा उशीवर तर बिलकुल ठेवू नका.

जुना पीसी असेल, निळ्या टोकाची व्हीजीए वायरवाला, तर टीव्हीला पीसी इन म्हणून तसाच पोर्ट आहे का बघा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याच्यासाठी हेडफोनच्या भोकातून वेगळी ऑडिओ वायर टाकावी लागते. आणि फार जुन्या पीसीवर यूट्यूबच अडकत अडकत चालतं, त्याचं कारण नेट नसतंच. यूट्यूब आता जास्त करून व्हीपी९ नावाच्या पद्धतीत व्हिडिओ पाठवतं, आणि तो उलगडायचं काम करणारा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ७व्या पिढीपासून नीट आला, त्याच्या आधीच्यांमध्ये सगळा बोजा मेन प्रोसेसरवर पडतो, पंखा विमानासारखा ओरडतो आणि चित्र थांबत थांबत येतं. अशा पीसीवर ७२०पीच्या वर जाऊ नका.

अजून एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्यात वेबसाइट उघडून, नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे पैसे भरून बघत असलात तरी बऱ्याचदा चित्र स्टिकपेक्षा धूसर दिसतं. चोरी होऊ नये म्हणून व्हिडिओला कुलूप लावलेलं असतं, वाइडवाइन म्हणतात त्याला, आणि त्या कुलपाची वरची लेव्हल, एल१, ही सर्टिफाइड स्टिक, बॉक्स आणि चांगल्या मोबाइलमध्ये असते. कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये साधारण खालची एल३ चालते, म्हणून कंपनी चित्राची क्वालिटी आखडती घेते. विंडोजवर नेटफ्लिक्स बघायचंच असेल तर क्रोमऐवजी विंडोजमधलाच एज ब्राउझर वापरून बघा, फरक पडतो.

मग कॉम्प्युटर घ्यावा कशाला? कारण त्याच्यावर काहीही चालतं. पोराच्या क्लासची लेक्चरं, कुठल्याशा देवस्थानच्या वेबसाइटवरचं लाइव्ह दर्शन, पेनड्राइव्हमधला लग्नाचा व्हिडिओ जो टीव्हीला उघडता येत नाही पण कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये पटकन चालतो, आणि मध्येच सातबारा काढायचा असला तरी तोच स्क्रीन. बॉक्सवर ज्याचं ॲप आहे तेवढंच बघता येतं, ब्राउझर टाकता येतो पण रिमोटने तो चालवणं म्हणजे शिक्षा. कॉम्प्युटरच ठेवायचा ठरलं तर टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड घ्या, पलंगावरून चालवता येतो. आणि विंडोज १० असेल तर लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा फुकट सपोर्ट बंद केला. टीव्ही बघायला चालेल तो पीसी, पण त्याच्यावरच बँकेची कामं करायची असतील तर ११ वर जा.

लाइटबिलाचं पण बघा. स्टिक पाच वॅटच्या आसपास खाते, लॅपटॉप तीस-चाळीस, जुना डेस्कटॉप सहज शंभरच्या वर. दिवसभर भजनं लावून ठेवायचं घर असेल तर महिन्याच्या बिलात हे दिसतं.

स्टिक किंवा बॉक्स घ्यायचा असेल तर

चांगली स्टिक साधारण तीन ते सहा हजारात येते, सेलमध्ये कमी. फायर टीव्ही, गुगल टीव्हीवाले, शाओमीचा बॉक्स, कुठलंही नावाजलेलं घ्या, घरात ४के टीव्ही नसेल तर ४केवाल्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. फायबर कनेक्शनसोबत कंपनीचा सेट टॉप बॉक्स येत असेल तर आधी तो महिनाभर वापरा, कदाचित वेगळं काही लागणारच नाही.

एकच गोष्ट ठासून सांगतो. "भाऊ याच्यात सगळे चॅनल, सगळे पिक्चर, लाइफटाइम फ्री, दोन हजार फक्त" असं म्हणून जो बिननावाचा काळा बॉक्स दाखवतात तो घेऊ नका. ओळखायचा कसा, चालू करायला सांगा. मोबाइलसारखे आयकॉन पसरलेले दिसले, नेटफ्लिक्स उघडल्यावर माऊसचा बाण फिरवावा लागला, की समजा हा मोबाइलचा अँड्रॉइड टीव्हीत कोंबलाय. तिथे प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटला जाऊन प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन बघा, सर्टिफाइड लिहिलेलं नसेल तर परत ठेवा. एल१ नसल्याने पैसे भरलेली ॲप पण त्याच्यावर ४८०पीच दाखवतात, ते एक. दुसरं जास्त वाईट. २०२३ च्या सुरुवातीला टी९५ नावाच्या अशाच एका स्वस्त बॉक्समध्ये आधीपासूनच व्हायरस भरलेला सापडला होता, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने बॅडबॉक्स २.० म्हणून जाहीर इशारा दिला की असे बॉक्स घरच्या इंटरनेटचा दरवाजा गुन्हेगारांना उघडून देतात. म्हणजे तुम्ही शेवभाजी खात क्रिकेट बघताय आणि तुमच्या कनेक्शनवरून तिसराच माणूस फ्रॉड करतोय, आणि चौकशीत पत्ता निघणार तुमचा. वर चोरीचे पिक्चर दाखवणं बेकायदा आहे ते वेगळंच.

आता लावायची पद्धत. स्टिकसोबत तीन गोष्टी येतात, ॲडॉप्टर, वायर आणि फायर स्टिकमध्ये एक छोटी एचडीएमआयची शेपटी. ही शेपटी लोक डब्यातच ठेवून देतात, ती लावा. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली की तापते आणि वायफाय पण कमी पकडते, शेपटीने ती जरा मोकळी लटकते.

आणि वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून घेऊ नका. दिसायला छान दिसतं, एक वायर कमी होते, पण टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतो आणि स्टिकला एक अँपिअर लागतो. मग काय होतं, मेनू चालतो, छोटे व्हिडिओ चालतात, आणि बरोबर मॅच रंगात आली, जास्त लोड आला, की स्टिक बंद पडून परत लोगो दाखवते. लोकांना वाटतं पीस खराब आला, दुकानात भांडून येतात. डब्यातलाच ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा, आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं म्हणून मध्ये स्पाइक गार्ड टाका. वळवाचा पाऊस, कडाडकड सुरू झाली की सगळे प्लग काढून ठेवायचे, राउटरचा पण.

चालू केल्यावर भाषा, वायफाय, खातं, एवढं विचारतं. इथे आबा लोकांचा जीव जातो तो पासवर्ड टाकताना. रिमोटच्या बाणाने एक अक्षर, मग दुसरं, मग कॅपिटल कुठे, ॲट द रेट कुठे, आणि शेवटी एक चूक झाली की पहिल्यापासून. याची गरजच नाही. बहुतेक ॲपमध्ये लॉगिनला गेल्यावर टीव्हीवर एक कोड किंवा क्यूआर येतो. मोबाइलने तो स्कॅन करा, मोबाइलवर खातं आधीच चालू असतं, ओके म्हणा, टीव्ही आपोआप उघडतो. कोड टाकायला वेबसाइटचा पत्ता टीव्हीवर लिहिलेला असतो, तोच्या तोच टाका, गुगलवर "ॲक्टिव्हेट" वगैरे शोधत बसू नका, तिथे खोट्या साइट आणि खोटे कस्टमर केअर नंबर भरलेत. कोड टाकायला कोणी पैसे मागितले किंवा ओटीपी विचारला की फोन कट.

रिमोटवरचं माइकचं बटण घरच्यांना पहिल्या दिवशीच दाखवा. दाबून धरायचं आणि बोलायचं. सिरीयलची नावं बरोबर पकडतं, अहिराणी गाण्याचं नाव बोललं की मात्र भलतंच काहीतरी शोधून आणतं आणि घरात सगळे हसतात, ते हाताने टाइप करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी म्हणून पर्याय असतो, कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, तो चालू केला की टीव्हीच्याच रिमोटने स्टिक पण चालते. दोन रिमोट सांभाळणं म्हाताऱ्या माणसांना खरंच जड जातं.

कुठलं चॅनल कुठे

मराठीचं सांगतो. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, आधी हॉटस्टार आणि जिओसिनेमा वेगळे होते ते फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाले. झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनल यूट्यूबवर लाइव्ह फुकट चालतात. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय. आणि आईला फक्त दोन सिरीयल आणि बातम्या बघायच्या असतील, बाकी काही नको, तर खरं सांगू, छतावरची डीडी फ्री डिशची छत्री आणि एक ॲप यात भागतं, घाई करू नका.

प्लॅन घेताना नावात मोबाइल शब्द आहे का ते बघा. नेटफ्लिक्सचा १४९वाला प्लॅन, जो डिसेंबर २०२१ मध्ये १९९ वरून खाली आला, तो फोन आणि टॅबलेटपुरताच, टीव्हीवर उघडत नाही. रिचार्जसोबत फुकट मिळणाऱ्या बऱ्याच सबस्क्रिप्शनचं पण असंच असतं. स्टिक लावून झाली, सगळं घर समोर बसलं, आणि मग स्क्रीनवर येतं की प्लॅन अपग्रेड करा.

लाइट गेल्यावर

गावाकडे हा मुद्दा पहिलाच पाहिजे होता खरंतर. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि स्टिक चालते, पण राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो आणि नेटच जातं. एकतर तो प्लग बदलून घ्या नाहीतर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, डबीएवढा, तो लावा. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही पॉवर पाहिजे. इथे लॅपटॉप जिंकतो, स्वतःची बॅटरी आहे आणि पिक्चर आधीच डाउनलोड करून ठेवला असेल तर नेटही लागत नाही, काही ॲप विंडोजवर डाउनलोड देतात काही देत नाहीत, आपापलं बघून घ्या.

शेवटचं, पैशाची कुलपं

प्राइमवर काही पिक्चर भाड्याने असतात, पोरं बटण दाबत सुटतात, म्हणून खरेदीला पिन लावा, आणि लहान मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा. सबस्क्रिप्शन घेताना यूपीआय ऑटोपे चालू होतं, पुढचे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचत जा. नको असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं असतं तिथून बंद करता येतं, नुसतं टीव्हीवरचं ॲप काढून टाकल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत.